एमबीत (झालेल्या कामाच्या मोजमाप वहीत) न बसणारा बीम

मी शाळादुरुस्तीची कंत्राटं घेतो. शाळेचं काम म्हणजे मे महिन्याचं काम. १५ जूनला शाळा भरते, पाऊस साधारण ११ जूनच्या आसपास येतो आणि वर्क ऑर्डर हातात पडेपर्यंत माझे निम्मे मिस्त्री लग्नांसाठी गावाला गेलेले असतात. उरलेलं काम नाक्यावरच्या बिगाऱ्यांवर. त्यांना संध्याकाळी रोख हजेरी लागते, माझं बिल कधी निघेल ते देवाला ठाऊक.

टेंडरच्या अटींत साइट इंजिनिअर, सुपरवायझर, सेफ्टीचा माणूस असं सगळं असतं. माझ्याकडे डिप्लोमा झालेला एक मुलगा आहे. तो दोन साइट बघतो आणि बिलंही टाइप करतो. अनामत आधीच अडकलेली. बिल निघालं की एक टक्का आयकर, दोन टक्के जीएसटीचा टीडीएस, एक टक्का कामगार उपकर, वर रिटेन्शन म्हणून राखून ठेवलेली रक्कम. टीडीएस पुढेमागे मिळतो, पण हजेरी पुढेमागे चालत नाही.

शाळा कुठली ते सांगत नाही. तळमजल्याचा वर्ग, वर मुलांचं स्वच्छतागृह. अंदाजपत्रकात त्या वर्गापुढे 'प्लास्टर दुरुस्ती' एवढंच लिहिलेलं. मिस्त्रीने बीमला हातोडी मारली तर भद्द आवाज. अजून दोन घाव घातले आणि परातीएवढी खपली खाली आली.

"भाऊ, रिंगा कुठायत याच्या?"

सळ्यांभोवती बांधलेल्या रिंगा नव्हत्याच, लाल भुकटी होती. मुख्य सळी १६ एमएमची, घासून मोजली तर १२. बघणाऱ्याला वाटतं, पाऊण तरी उरलीय. पण ताकद क्षेत्रफळावर जाते, म्हणजे उरली ५६ टक्के. वरच्या स्वच्छतागृहातल्या सांडपाण्याच्या ट्रॅपचं पाणी वर्षानुवर्षं मुरत होतं आणि गंज फुगून काँक्रीट फोडत होता. याच बीमवर कुणीतरी मागे प्लास्टर मारून ऑइलपेंटही लावला होता. त्याचंही बिल निघालंच असेल.

आधी लोखंडी जॅक लावून स्लॅब तोलला. ओळखीचा स्ट्रक्चरल इंजिनिअर संध्याकाळी येऊन डिटेल काढून देऊन गेला. खात्याचे साहेब आले, वर बघत म्हणाले, "करून टाका, एक्स्ट्रा आयटममध्ये घेऊ." म्हणजे अंदाजपत्रकाबाहेरचं वाढीव काम म्हणून. मी लेखी मागितलं. "अहो, फाइल वर गेली तर दिवाळी उजाडेल." माणूस वाईट नाही. त्यांच्याकडेही शाळा ढीगभर आणि हाताखाली कोणी नाही.

मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "दादा, हा वर्ग बंद ठेवला तर पहिलीची मुलं मी बसवू कुठे?"

केलं मग. बायकोचे दागिने बँकेत ठेवले. काम मात्र असं झालं की कुणीही येऊन बघावं. सळीच्या मागे बोट जाईल इतकं काँक्रीट काढलं, वायरब्रशने लोखंड चकाकेपर्यंत घासलं, गंजरोधक लावलं, नव्या सळ्या-रिंगा बांधल्या. जुन्या-नव्याला जोडणाऱ्या एपॉक्सीचा हात चिकट असतानाच मायक्रो-काँक्रीट, म्हणजे बारीक ओतीव काँक्रीट, पडायला हवं. वाळला की तोच थर जुन्या-नव्याला वेगळं करतो. त्यामुळे शटरिंग बाजूला तयार ठेवून, हात फिरला की लगेच चढवायचं. हे नाक्यावरच्या माणसांकडून करून घेणं म्हणजे घसा फाडणं. वरचं स्वच्छतागृह वॉटरप्रूफ करून पाणी भरून ठेवलं, खाली थेंब आला नाही.

शाळा वेळेवर भरली. बिलाला मात्र लेखा विभागाची हरकत लागली. फोटोंवरच्या तारखेला मंजुरी नव्हती, म्हणजे मंजुरीविनाच काम झालं, मग आता मंजुरी कशाला द्यायची? नियमाने बघितलं तर मुद्दा बरोबर आहे, हेच डोक्यात जातं. उद्या प्रत्येक कंत्राटदार 'आधी केलं, आता द्या' म्हणत आला तर? आमच्या धंद्यात तसे आहेतही, नाही असं नाही.

मग जॅक लावून, पत्र देऊन थांबायला हवं होतं का? माझे पैसे वाचले असते, पोरं पावसाळाभर दुसऱ्या वर्गात दाटीवाटीने बसली असती. भाचा म्हणतो, तेच करायचं होतं. एवढा बीम अंदाजपत्रक करताना ठोकून बघितला असता तर हा प्रश्नच नव्हता, पण त्यासाठी शिडी आणि एक माणूस लागतो. साहेबांची आता बदली झालीय, नवे साहेब म्हणतात, "तोंडी आदेशाचं मला काही माहीत नाही." बाईंनी मात्र शाळेच्या शिक्क्यानिशी पत्र दिलंय. ते फाइलला लावलं आहे.