अकराचा उपग्रह आणि सरकती भरती

मालवणात घराच्या माडीवर, एका खोलीत आम्ही सुरुवात केली. मी संगणकावर, मामेभाऊ होडीवर. सेंटिनेल-२ या युरोपीय जोडीतला दुसरा उपग्रह २०१७ मध्ये वर गेला आणि दर पाच दिवसांनी आपल्या किनाऱ्याची चित्रं मोफत मिळू लागली. एक ठिपका दहा मीटरचा, म्हणजे खाडीचं मुख स्वच्छ दिसतं. रंगावरून पाण्याचा गढूळपणा आणि शेवाळ ओळखायचं, आणि कालवं पाळणाऱ्या बचत गटांना, कोळंबीवाल्यांना, ग्रामपंचायतींना कळवायचं, हे आमचं काम.

पहिल्याच वर्षी चूक झाली. कर्ली खाडीच्या मुखाशी पाच दिवसांत गढूळपणा भलताच वाढलेला दिसला. वर कुणीतरी माती लोटली असणार, असं मी एका ग्राहकाला लिहून दिलं. त्यांनी माणसं पाठवली, शोधाशोध केली. काही सापडलं नाही. मग भावाने भरतीचं कोष्टक माझ्यासमोर ठेवलं. उपग्रह येतो सकाळी अकराच्या सुमारास, नेहमी त्याच वेळी. भरती मात्र रोज पाऊण तासाहून जास्त पुढे सरकते, पाच दिवसांत चार तास. पहिलं चित्र भरतीचं होतं, दुसरं सुकतीचं, म्हणजे ओहोटीचं, आणि सुकतीबरोबर खाडीतला गाळ बाहेर येतोच. भाऊ हे लहानपणापासून बघत आलाय, पण अहवाल मी त्याला न दाखवता पाठवला होता. ग्राहकाचे पैसे परत केले. तेव्हापासून प्रत्येक चित्रावर भरतीची स्थिती लिहितो, आणि सारख्या स्थितीचीच चित्रं शेजारी ठेवतो.

तारकर्लीला वेगळी अडचण. पाणी इतकं नितळ की तळाची पांढरी वाळूच उजळून येते आणि गणित त्याला गढूळ म्हणतं. म्हणून उपग्रह वरून जायच्या वेळी होडी पाण्यात हवीच. काळी-पांढरी चकती दोरीने सोडायची, दिसेनाशी होईल ती खोली मोजायची, बाटलीत नमुना भरायचा.

धामापूरचा तलाव, १५३० सालचा, त्या मानाने सरळ. तिथे भरती नाही. शेवाळातलं हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषतं आणि त्याच्या जरा पलीकडचा परत फेकतं. तेवढा फरक पकडला की हिरवळ कुठून पसरतेय ते कळतं.

पावसाळ्यात ढगांमुळे चित्रं जवळपास मिळतच नाहीत. रडार ढगांतून बघतं, पण पाण्याचा रंग त्याला कळत नाही. त्या चार महिन्यांत फक्त बाटल्या, आणि ते आम्ही ग्राहकाला आधीच सांगतो.

पुढचं चित्र गुरुवारी. होडी सांगून ठेवली आहे.