हस्तिदंताला ताप चढू नये म्हणून

सावंतवाडीच्या चितारआळीतली लाखकामाची लाकडी खेळणी बघताना नजर आधी रंगावर जाते. तो रंग चढतो उष्णतेने. लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, फिरत्या लाकडाला लाखेची कांडी दाबून धरली की घर्षणाने लाख वितळते आणि लाकडावर पसरते. तिथे ताप कारागिराचा सोबती. त्याच लेथवर नकली हस्तिदंताचं पेन उतरवायला घ्या, म्हणजे हा सोबती लगेच उलटतो.

हे नकली हस्तिदंत बहुधा पॉलिएस्टर रेझिनचं असतं. १९ मिमी चौकोनी, सव्वाशे मिमी लांब कांडी, रंग मलईचा, आत फिकट-गडद रेघांचे थर. नकलेची हौस जुनीच. बिलियर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंत परवडेना, म्हणून अमेरिकेत जॉन वेस्ली हायट यांनी १८६९च्या सुमारास सेल्युलॉइडचा नाद धरला. सेल्युलॉइड भडकन पेटतं. पॉलिएस्टर तसं पेटत नाही, तापट मात्र आहेच.

पहिली परीक्षा भोक मारताना. साध्या पातळ पेनाला ७ मिमीचं बिट लागतं. वेग मिनिटाला पाचशे फेऱ्यांच्या आसपास. पाच-सहा मिमी आत गेलं की बिट बाहेर काढायचं, कीस झाडायचा, साबणाच्या पाण्याचा थेंब सोडायचा, मग पुढे. इथे घाई केली की कीस खाचेत अडकतो, रेझिन मऊ पडतं, वास उग्र येतो. भोक वाकडं झालं तर निदान लगेच दिसतं. आतून गेलेला तडा लबाड असतो. तो पॉलिशच्या वेळी तोंड दाखवतो. बिट पलीकडून बाहेर पडताना टोकाचा टवका उडतो, म्हणून कांडी दहा-पंधरा मिमी जास्त लांब ठेवावी, भोक आरपार न्यायच्या आधी थांबावं आणि ते टोक करवतीने कापून टाकावं.

पेन वरच्या-खालच्या दोन तुकड्यांचं असतं. कांडी कापण्याआधी दोन्ही तुकड्यांवर पेन्सिलीने बाण काढायला विसरू नये. वरच्या तुकड्याच्या रेघा खालच्या तुकड्यात सरळ उतरल्या तरच नक्कल पटते. बाण चुकला की पेन मधोमध मुरगळल्यासारखं दिसतं आणि त्यावर इलाज नाही.

आता भोकात बसवायची पितळी नळी. हे रेझिन थोडं पारदर्शक असतं आणि तयार पेनाच्या टोकाशी त्याची भिंत एक मिमीपेक्षाही पातळ उरते. पितळ तसंच ठेवलं तर आतून पिवळट तपकिरी सावली डोकावते. म्हणून नळी घासून तिला पांढरा रंग द्यायचा, भोकाच्या आतूनही एक हात फिरवायचा आणि रंग पुरता वाळू द्यायचा. खाऱ्या हवेत पितळ पटकन काळवंडतं. घासणं त्याच दिवशीचं हवं. नळीची तोंडं मेणाने बुजवून, अॅराल्डाइट लावून, गोल फिरवत ती आत सरकवावी. फेव्हिक्विक नळी अर्ध्यावर असतानाच धरून बसतं, त्या वाटेला जाऊच नये. पावसाळ्यात दमटपणामुळे अॅराल्डाइटवर चिकट पापुद्रा राहतो, त्याला एक रात्र जास्त द्यावी. मग टोकं पितळ चमकेपर्यंत सपाट करायची, अगदी हलक्या हाताने.

तुकडे मँड्रेलवर, म्हणजे लेथमध्ये बसवायच्या बारीक पोलादी दांड्यावर, चढवल्यावर नट बोटांनी आवळावा. पान्याने आवळला की मँड्रेल किंचित वाकतो आणि नळीच्या एका बाजूला भिंत जाड, दुसऱ्या बाजूला पातळ होते. मग लोक बुशिंगला, म्हणजे तुकड्याच्या टोकांना लावायच्या मापाच्या कड्यांना, दोष देतात. चारही कोपरे आधी वॉटर पेपरने मोडून घेतले तर टवके कमी उडतात. पुढे वेग दोन-अडीच हजार, टूलला नुकतीच लावलेली धार, काप अगदी बारीक. सगळं जमून आलं की शेवयांसारखी लांब पांढरी फीत निघते आणि मँड्रेलभोवती गुंडाळत जाते. ती तिथेच राहू दिली तर घासून तापते, म्हणून लेथ थांबवून काढावी. फितीऐवजी कोरडी पूड उडू लागली की धार गेली समजावं. मास्क लागतोच. आणि कोकणात पावसात वीज गेली की आधी लेथचं बटण बंद करावं, नाहीतर वीज परतते तेव्हा यंत्र विचारत नाही.

खरी गंमत वक्राकार कापात आहे. पोट थोडं फुगीर ठेवलं की सरळ रेघांचे थर छेदले जाऊन एका बाजूला लांबट वलयं उमटतात, दुसऱ्या बाजूला रेघा तशाच राहतात. नुसत्या नळकांडीत हे दिसत नाही.

घासणं ओलं. ४००पासून २०००पर्यंत वॉटर पेपर, वेग निम्म्याहून कमी, पाणी सतत. प्रत्येक नंबरानंतर लेथ थांबवून लांबीच्या दिशेने चार हात मारायचे, नाहीतर गोल ओरखडे राहतात. पोलादी बुशिंग घासली गेली की काळं पाणी मलईरंगात शिरतं, म्हणून या टप्प्याला प्लास्टिकचे शंकू लावावेत. लेथच्या बेडवर प्लास्टिक अंथरावं, काम संपल्यावर तेलाचं फडकं फिरवावं. इथे गंज वाट पाहत नाही. मायक्रोमेशचे, म्हणजे अतिबारीक घासायचे, पॅड १२०००पर्यंत मिळतात, पण ४०००ला थांबणंच बरं. आरशासारखं चकाकलं की ते बादलीचं प्लास्टिक वाटतं. हस्तिदंताची झाक मंद असते.

एवढं जमलं की गिऱ्हाईक विचारणारच, खरं आहे का? खऱ्याच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेघांची जाळी दिसते. यात नुसते समांतर थर. शिवाय १९७२च्या वन्यजीव कायद्यात १९८६ साली झालेल्या दुरुस्तीने देशातल्या हत्तींच्या हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, १९९१मध्ये आयात केलेल्या आफ्रिकन हस्तिदंताचाही. तेव्हा पावतीवर ‘नकली हस्तिदंत, पॉलिएस्टर’ असं ठळक लिहून द्यावं.