वडाला चिकटवलेला कागद

दूध आणायला निघाले होते. कोपऱ्यावरच्या वडाला कागद डकवलेला, रात्रीच्या पावसानं निम्मा ओघळलेला. रस्तारुंदी, ११ झाडं, हरकती ७ दिवसांत, एवढंच वाचता आलं. त्यातले ४ दिवस उलटून गेलेले.

सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला. रडक्या चेहऱ्यांचा पाऊस पडला. हरकत लिहायला मात्र तिघंच: मी, वरच्या मजल्यावरचे काका (पाटबंधारे खात्यातून निवृत्त) आणि त्यांची बारावीतली नात.

माझ्या मसुद्यात 'प्राणवायू', 'पुढच्या पिढ्या' वगैरे ठासून भरलेलं. काकांनी वाचून परत दिला. "हे भाषणाला ठेव. झाड कोणतं, घेर किती, ते लिही."

घेर छातीच्या उंचीला मोजतात, जमिनीपासून साधारण साडेचार फुटांवर. शिंप्याची टेप वडाला कुठली पुरायला! सुतळी गुंडाळली, गाठ मारली, घरी फरशीवर पसरून मोजली. १९ फूट भरली. उद्यान विभागातून मिळवलेल्या यादीत त्याच वडाचं वय ३५ वर्षं!

मेख इथेच होती. झाडांच्या १९७५ च्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. ५० वर्षांचं किंवा त्याहून जुनं झाड 'हेरिटेज' ठरतं, आणि झाड तोडलंच तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. म्हणजे वय कमी लिहिलेलं कुणाच्या सोयीचं, ते सांगायला नको. पण पुरावा? काका आत गेले आणि १९७१ च्या स्वतःच्या वरातीचा फोटो घेऊन आले. घोड्यामागे हाच वड, तेव्हाच पारंब्या लोंबणारा. काकूंना त्या फोटोतला शालू आठवला, आम्हाला पुरावा मिळाला.

शेवटच्या दिवशी अर्ज दिला. खिडकीतला माणूस म्हणाला, "ठेवून जा, बघतो." काका हलेनात. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक पडल्यावरच आम्ही जिना उतरलो. पुढे सुनावणीत "तुमचा अर्ज आलेलाच नाही" असं ऐकवलं गेलं, तेव्हा तीच पोच टेबलावर ठेवली.

मग स्थळपाहणी झाली. सगळी झाडं वाचली नाहीत. तीन पर्जन्यवृक्ष आणि एक गुलमोहर गेला. त्या सकाळी मी खिडकी लावून घेतली. वड राहिला, फुटपाथ त्याला वळसा घालून गेला.

आता ठेकेदारानं बुंध्याला लागून काँक्रीट ओतलंय. परवा त्याचाही अर्ज देऊन आलो. पोच घेऊनच.