रिकाम्या खाटेचे पैसे

मंगळवार, रात्री

शेजारच्या काकू आज परत सातबारा घेऊन आल्या. या वेळी चुलत दिराचा. ‘इतर हक्क’च्या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा, त्याखाली बँकेच्या. त्यांच्या पोराला जामीन मंजूर झालाय, पण जामीनदार मिळेना म्हणून तो अजून आतच आहे. असला सातबारा चालणार नाही, दुसरा आणा, असं कोर्टातून आधीच सांगितलंय. आमच्या दारव्ह्याकडच्या कापूसपट्ट्यात बिनबोजाचा सातबारा आणायचा तरी कुणाचा? “कोर्टानं सोडलं म्हनते, मंग माहं पोरगं घरी काऊन येत नाही?” काकूंनी विचारलं. काय सांगणार मी?

परवा पारावर कुणीतरी म्हणत होतं, तुरुंग कंत्राटदाराला देऊन टाका, शिस्त लागेल आणि खर्चही वाचेल. ते डोक्यात होतंच, म्हणून काकू गेल्यावर अमेरिकेतल्या खासगी तुरुंगांबद्दल वाचत बसले. असे तुरुंग चालवणारी मोठी कंपनी टेनेसीत 1983 साली निघाली. कैदी सरकारचे, शिक्षा न्यायालयाची. पहारेकरी आणि जेवणखाण कंपनीचं, आणि माणशी रोजाप्रमाणे पैसे. काही करारांत तर 80 ते 100 टक्के खाटा भरलेल्या राहतील अशी हमी सरकारनंच दिलेली. कैदी कमी आले तर रिकाम्या खाटेचेही पैसे भरायचे!

हे वाचून मी फोन बाजूला ठेवला. आपल्याकडे तुरुंग राज्य सरकारचे आहेत. ते खचाखच भरलेत, आणि आतल्या दर 4 माणसांतली सुमारे 3 कच्चे कैदी आहेत, म्हणजे गुन्हा शाबीत न झालेली. चांगलं चाललंय असं मी म्हणणारच नाही. पण काकूंचं पोरगं उद्या सुटलं तर कुणाचा धंदा बुडत नाही. सरकारचा तेवढा खर्च कमीच होतो. त्याच्या आत असण्यावर कुणाचा नफा ठरायला लागला, तर त्याच्या सुटकेचा कागद पुढे सरकवायची घाई कुणाला असेल?

पेन्सिल्व्हेनियातल्या लुझर्न काउंटीत हेच झालं. मार्क सियावरेला आणि मायकेल कोनाहन या न्यायाधीशांनी पोरांच्या खासगी कोठडीशी संबंधित लोकांकडून लाखो डॉलर घेतले, आणि पोरं आत जात राहिली. एका मुलीनं उपमुख्याध्यापिकेची इंटरनेटवर थट्टा केली होती. तिला 3 महिने सुनावले. पुढे तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं हजारो मुलांच्या शिक्षा पुसून टाकल्या. सियावरेलाला 2011 मध्ये 28 वर्षांची कैद झाली. पण त्या पोरांचे शाळेचे दिवस गेले ते गेलेच.

स्वस्तात चालवतो म्हणणारा पैसा वाचवणार कुठून? पहारेकऱ्यांच्या पगारातून आणि संख्येतूनच ना. अमेरिकी न्याय खात्याच्याच 2016 च्या तपासणीत कंत्राटी तुरुंगांत सुरक्षेच्या बहुतेक बाबतींत सरकारी तुरुंगांपेक्षा जास्त घटना आढळल्या. इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयानं तर 2009 मध्ये खासगी तुरुंगाचा कायदाच रद्द केला. माणसाला कोंडून ठेवायचा अधिकार नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीच्या हाती दिला की कैद्याची प्रतिष्ठाच जाते, असं त्या निकालाचं म्हणणं. मला ते शंभर टक्के पटलं. पारावर पुन्हा विषय निघाला की हे मी सगळ्यांसमोर सांगणार आहे.

वाचता वाचता एक कामाची गोष्टही हाती लागली. जामीन मिळूनही महिनाभरात जामीनदार आणता आला नाही, तर न्यायालय स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 31 जानेवारी 2023 ला सांगितलंय. काकूंच्या पोराचा महिना केव्हाच उलटला. जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय त्याच्या स्वतःच्या हमीवर सोडा, असा अर्ज करायचा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात वकील फुकट मिळतो. उद्या सकाळच्या एसटीनं काकूंना घेऊन जाते. सोबत जामिनाच्या आदेशाची नक्कल, काकूंचं आधार, आणि बोजा दाखवायला हे सगळे सातबारेही.