घरच्या चित्रफितींसाठी एडिटिंगचे सॉफ्टवेअर निवडताना

एडिटिंगसाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, असे कोणी विचारले की उत्तर देण्याआधी मी दोन गोष्टी विचारून घेतो : शूटिंग कशावर झालेले आहे आणि घरातला कॉम्प्युटर कोणता आहे. इंटरनेटवरच्या याद्यांमध्ये इफेक्ट्स किती आणि ट्रान्झिशन्स किती याचीच मोजदाद असते, पण घरगुती कामात त्यांचा उपयोग बेताचाच. लग्न, मुंज, बारसे किंवा आजी-आजोबांच्या आठवणी यांची चित्रफीत करायला बसले की खरी अडचण येते ती वेगवेगळ्या काळातली, वेगवेगळ्या यंत्रांवर टिपलेली दृश्ये एकाच टाइमलाइनवर, म्हणजे क्लिप्स क्रमाने मांडायच्या पट्टीवर, आणताना. आणि ही अडचण जे सॉफ्टवेअर निमूटपणे सोडवते तेच आपल्या कामाचे.

आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी तासाभराची चित्रफीत करायचे ठरल्यावर माझ्यापुढे जमलेला ऐवज असा होता : आईवडिलांच्या लग्नाची १९९३ सालची व्हीएचएस कॅसेट, जी दुकानातून डिजिटल करून आणलेली होती, माझ्या मुंजीच्या मिनी-डीव्ही टेप्स, मावशीकडच्या दोन डीव्हीडी, आणि नातेवाइकांनी आपापल्या फोनवर, कोणी आडवा तर कोणी उभा धरून, घेतलेल्या असंख्य क्लिप्स. मराठी घरांत थोड्याफार फरकाने हाच साठा निघतो, म्हणून त्याच्याच आधाराने लिहितो.

पहिला प्रश्न कॅसेटचा. आपल्याकडचे जुने चित्रण पाल पद्धतीचे असते, म्हणजे सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम्स), आणि प्रत्येक चौकट दोन अर्ध्या भागांत, एकाआड एक ओळींनी टिपलेली, म्हणजेच इंटरलेस्ड. जुन्या काचेच्या टीव्हीवर हे दोन भाग बेमालूम मिसळून जात. कॉम्प्युटरवर मात्र ते एकाच वेळी दिसतात आणि जिथे हालचाल आहे तिथे कंगव्याच्या दातांसारख्या रेघा उमटतात. मंगलाष्टकांच्या शेवटी अक्षता टाकणारे हात थांबवून पाहा, बोटांच्या कडा चिरफाळलेल्या दिसतील. हे काढून टाकण्याच्या प्रक्रियेला डीइंटरलेसिंग म्हणतात. ज्या सॉफ्टवेअरमध्ये एखादी क्लिप इंटरलेस्ड आहे आणि तिच्यातल्या कोणत्या ओळी आधीच्या आहेत हे आपल्याला हाताने सांगता येते, ते या कामाला उपयोगी. शॉटकट या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिपच्या प्रॉपर्टीजमध्ये ही सोय समोरच दिसते. जिथे ती नसेल किंवा सापडत नसेल, तिथे हँडब्रेक या फुकट साधनातून क्लिप आधी काढून घ्यावी आणि त्यात ‘बॉब’ हा पर्याय निवडावा. त्यामुळे सेकंदाला ५० चौकटी मिळतात आणि हालचालीतला मूळ गुळगुळीतपणा टिकतो. नुसत्या २५ केल्या तर वरात थोडी अडखळत चालल्यासारखी वाटते.

कॅसेटच्या चित्राला आणखी एक खोड असते. चौकटीच्या अगदी तळाशी काही ओळी वाकड्या, थरथरत्या दिसतात. त्या पूर्वीही होत्या, परंतु जुने टीव्ही चित्राच्या कडा पडद्याबाहेर ढकलत असल्यामुळे आपल्याला कधी दिसल्या नाहीत. तळाची ती पट्टी कापून टाकणे हे दोन मिनिटांचे काम आहे आणि तेवढ्याने चित्र लगेच नीटनेटके वाटू लागते. बाकी त्या काळच्या ‘मिक्सिंग’वाल्यांनी गुलाबाच्या फुलात नवरानवरी बसवलेली असतात आणि बदामाच्या आकारातून मामा-मामी फिरत येतात, त्याला कोणतेच सॉफ्टवेअर काही करू शकत नाही. ते तसेच ठेवावे असे माझे मत आहे. आमच्या घरी सर्वांत जास्त हशा त्याच ठिकाणी पिकतो.

फोनच्या क्लिप्सची तऱ्हा वेगळी. फोन प्रकाशानुसार चौकटींचा वेग स्वतःच कमीजास्त करतो, त्यामुळे क्लिपवर ३० लिहिलेले असले तरी प्रत्यक्षात कुठे २९ तर कुठे २४ भरतात. एडिटिंगचे सॉफ्टवेअर वेग एकसारखा आहे असे गृहीत धरून चालते आणि दहा मिनिटांच्या भाषणात शेवटीशेवटी ओठ आणि आवाज यांची फारकत होते. पुष्कळ लोक याचा दोष फोनच्या माइकला देतात. शॉटकट आणि केडेनलाइव्ह ही दोन्ही सॉफ्टवेअर्स अशी क्लिप ओळखतात आणि ‘एडिटिंगला सोयीच्या स्वरूपात बदलून घेऊ का’ असे विचारतात. त्याला होकार द्यावा. डिस्कवरची जागा जास्त जाते, पण पुढचा मनस्ताप वाचतो. पुढचे शूटिंग आपल्याच हातात असेल तर फोन २५ वर लावून ठेवणे अधिक चांगले. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ३० च्या वेगात कार्यालयातले काही दिवे लुकलुकताना दिसतात, शिवाय जुन्या कॅसेटशी मेळही बसतो. आयफोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये पाल स्वरूप दाखवण्याचा पर्याय चालू केला की २५ दिसू लागते.

आता प्रत्यक्ष सॉफ्टवेअर्सकडे येतो.

दा विंची रिझॉल्व्हची शिफारस सगळीकडे होते आणि ती अनाठायी नाही. ब्लॅकमॅजिक डिझाइन या ऑस्ट्रेलियन कंपनीने २००९ साली दा विंची सिस्टिम्स विकत घेतली आणि चित्रपटांचे रंग सुधारण्याचे जे यंत्र पूर्वी मोठमोठ्या स्टुडिओंनाच परवडत असे, ते पुढे सर्वांना फुकट उपलब्ध करून दिले. फुकट आवृत्तीत वॉटरमार्क, म्हणजे चित्रावर उमटणारा सॉफ्टवेअरचा शिक्का, येत नाही, अल्ट्रा एचडीपर्यंत चित्र काढता येते आणि घरगुती कामात तिची मर्यादा क्वचितच आडवी येते. पूर्ण आवृत्तीची किंमत २९५ डॉलर असून ती एकदाच भरायची असते. परंतु हे सॉफ्टवेअर सगळा भार ग्राफिक्स कार्डावर टाकते. वेगळे ग्राफिक्स कार्ड आणि १६ जीबी रॅम असलेल्या कॉम्प्युटरवर ते झकास चालते. मुलांच्या ऑनलाइन अभ्यासासाठी घेतलेल्या ८ जीबीच्या लॅपटॉपवर ते उघडते, पण दुसरी क्लिप ठेवली की धापा टाकू लागते. दुसरे असे की रिझॉल्व्ह आपले प्रोजेक्ट वेगळ्या फाइलमध्ये न ठेवता स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवते. लॅपटॉप फॉरमॅट करण्यापूर्वी प्रोजेक्ट आठवणीने बाहेर काढून ठेवले नाही, तर क्लिप्स उरतात आणि केलेली जुळणी जाते.

केडेनलाइव्ह आणि शॉटकट ही दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर्स एमएलटी या चित्रफिती हाताळणाऱ्या एकाच पायाभूत प्रणालीवर उभी आहेत. साध्या लॅपटॉपवर मी केडेनलाइव्हला पसंती देतो, कारण त्यातली प्रॉक्सीची सोय फार सरळ आहे. फोर-के क्लिपची एक लहान, हलकी प्रत आपोआप तयार होते, काटछाट त्या प्रतीवर करायची आणि शेवटी फाइल बाहेर काढताना मूळ क्लिप वापरली जाते. एकाच समारंभाचे दोन फोनवर शूटिंग झालेले असेल तर दोन्हींचे आवाज ताडून क्लिप्स जुळवण्याची आज्ञाही त्यात आहे. आजोबांच्या भाषणाला मी हीच युक्ती वापरली, कारण चेहरा आतेभावाच्या फोनमध्ये चांगला आला होता आणि आवाज पहिल्या रांगेत बसलेल्या काकूंच्या. शॉटकट शिकायला त्याहून सोपे आहे. ज्यांना वर्षातून एखादीच चित्रफीत करायची आहे त्यांनी तेच घ्यावे.

मॅक घरात असेल तर आयमूव्ही आधीच बसवलेले असते आणि बहुतेक घरांना तेवढे पुरते. मात्र त्याची चौकट नेहमी १६:९ चीच राहते, त्यामुळे कॅसेटचे ४:३ चित्र एकतर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या ठेवून दाखवावे लागते किंवा वरून-खालून कापावे लागते. पट्ट्या ठेवाव्यात. कापल्यावर नवरदेवाच्या मुंडावळ्या आणि फेटा दोन्ही जातात. विंडोज ११ सोबत येणारे क्लिपचॅम्प वाढदिवसाच्या पाच मिनिटांच्या चित्रफितीला ठीक आहे. फुकटात १०८०पीपर्यंत फाइल मिळते, पण त्याला मायक्रोसॉफ्टचे खाते आणि इंटरनेट लागते. वॉटरमार्क टाकणाऱ्या ‘फुकट’ सॉफ्टवेअर्सच्या वाटेला मी जात नाही, कारण शेवटच्या क्षणी पैसे भरायला लावण्याचाच तो मार्ग आहे.

फोनवरच्या ॲप्सबद्दल एक सावधगिरीची सूचना. २०२० च्या जूनमध्ये सरकारने ज्या ५९ ॲप्सवर बंदी घातली त्यांत टिकटॉकबरोबर व्हिवाव्हिडिओ हे एडिटिंगचे ॲपही होते आणि त्यावर अर्धवट राहिलेली कामे करणाऱ्यांना दुसरा आसरा शोधावा लागला. विंडोज मूव्ही मेकरचेही तेच झाले. २००० साली विंडोज एमईबरोबर आलेले हे सॉफ्टवेअर कित्येकांचे पहिले होते, जानेवारी २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते काढून घेतले आणि त्याच्या प्रोजेक्ट फाइल्स आज दुसरे कोणी धडपणे उघडत नाही. घरची चित्रफीत एका बैठकीत पुरी होत नसते. आज बारसे जोडले जाते, पाच वर्षांनी मुंज. म्हणून प्रोजेक्टची फाइल साध्या मजकुराच्या स्वरूपात असणे मला महत्त्वाचे वाटते. केडेनलाइव्ह आणि शॉटकट दोघांच्याही फाइल्स एक्सएमएल असतात, म्हणजे नोटपॅडमध्ये उघडून कोणती क्लिप कुठे कापली आहे ते वाचता येते. केडेनलाइव्हमध्ये ‘आर्काइव्ह’ केल्यावर वापरलेल्या सगळ्या क्लिप्स एका फोल्डरमध्ये गोळाही होतात.

मराठी शीर्षकांची परीक्षा मात्र सॉफ्टवेअर घेण्यापूर्वीच करावी. ‘सहस्रचंद्रदर्शन’ आणि ‘आठवणीतले दिवस’ एवढे दोनच टाइप करून पाहावे. स्र आणि द्र ही जोडाक्षरे फुटली, र्श वरचा रफार भलत्याच अक्षरावर बसला किंवा ‘दिवस’मधली ऱ्हस्व वेलांटी द च्या पलीकडे जाऊन उभी राहिली, तर त्या सॉफ्टवेअरला देवनागरी येत नाही असे समजावे. केडेनलाइव्ह आणि शॉटकट यांत ही अक्षरे नीट जुळतात. ॲडोबीच्या प्रीमिअरमध्ये ग्राफिक्सच्या पसंतीत जाऊन दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडावा लागतो, आणि तो न निवडल्यामुळे मोडलेली शीर्षके मी व्यावसायिकांच्या चित्रफितींतही पाहिली आहेत. कशातच जमले नाही तर लिब्रेऑफिस किंवा इंकस्केपमध्ये शीर्षक लिहून, पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी प्रतिमा काढून ती चित्रावर ठेवावी. कोणतेही सॉफ्टवेअर ती बिनतक्रार घेते. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे टाइप (फॉन्ट) फुकट मिळतात आणि टीव्हीवर दुरूनही स्वच्छ वाचता येतात.

इतके झाल्यावर निवडीची माझी पद्धत साधी आहे. साठ्यातली सर्वांत वाईट कॅसेटची क्लिप, सर्वांत जड फोनची क्लिप आणि एक मराठी शीर्षक एवढे घेऊन दोन मिनिटांचा तुकडा करायचा, तो बाहेर काढायचा आणि दिवाणखान्यातल्या टीव्हीवर पाहायचा. जे सॉफ्टवेअर एवढे करून दाखवते ते घ्यायचे, मग त्याचे नाव कोणत्या यादीत कितव्या क्रमांकावर आहे हे पाहण्याचे कारण उरत नाही. यासाठी पैसे खर्च करण्याची वेळ सहसा येत नाही. आलीच तर ते मोठ्या हार्ड डिस्कवर खर्च करावेत.

फाइल बाहेर काढताना एमपीफोर हा फाइलचा प्रकार, एच.२६४ ही चित्र दाबण्याची पद्धत आणि १०८०पी हा चित्राचा आकार हे त्रिकूट धरून ठेवले की नातेवाइकांकडचा जवळपास कोणताही टीव्ही ती चालवतो. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेली चित्रफीत दाबून लहान केली जाते, म्हणून मी पेन ड्राइव्हच देतो. जुन्या टीव्हींना बहुधा फॅट-३२ पद्धतीचाच पेन ड्राइव्ह वाचता येतो आणि त्यावर ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही. सेकंदाला ८ मेगाबिट हा दर ठेवला तर तासाभराच्या चित्रफितीला साधारण ३.६ जीबी लागतात आणि ती एका फाइलमध्ये मावते. दीड तासाची झाली तर मात्र मध्यंतर ठेवून तिचे दोन भाग करावे लागतात.