अठरा ब्रिक्स, तरी मणी आंबट का?

तासगाव-पलूसकडचे द्राक्ष बागायतदार जानेवारी लागला की हमखास विचारतात: रिफ्रॅक्टोमीटर 18 ब्रिक्स दाखवतोय, तरी मणी आंबट कसा? तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. तो मापक रसात विरघळलेला सगळा घन भाग (बहुतेक साखर) टक्क्यांत एकत्र मोजतो, तेच ब्रिक्स; आम्ल वेगळं काढून दाखवत नाही.

द्राक्षात मुख्य आम्लं दोन, मॅलिक आणि टार्टारिक. दोन्हींचं मूळ साखरेतच. टार्टारिक तर क जीवनसत्त्वामार्गे बनतं. साठा मात्र पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे पेशीच्या आतल्या रसाच्या पिशवीत होतो. पेशीद्रवाचा सामू (पीएच) 7 च्या आसपास, त्यामुळे तिथं आम्लाचे दोन्ही प्रोटॉन सुटलेले आणि रेणूवर दोन ऋण भार. असा रेणू मेदाच्या पटलातून आपला आपण जात नाही, त्याला प्रथिनाची वाट लागते. द्राक्षात एएलएमटी-9 ही वाट दोन्ही आम्लांना चालते. ओढ लावतात प्रोटॉन पंप. एटीपी किंवा पायरोफॉस्फेट हे ऊर्जेचे रेणू खर्चून ते रिक्तिकेत प्रोटॉन ढकलत राहतात. आतला सामू 3 च्या घरात येतो. आत शिरलेल्या आम्लाला प्रोटॉन चिकटतात, दोन भारांचं रूप उरतच नाही, म्हणून साठा वाढला तरी आवक चालूच राहते. उंदराच्या सापळ्यासारखं: आत शिरणं सोपं, परतणं अवघड.

मण्यात पाणी उतरलं, म्हणजे मणी मऊ पडून पिकू लागला, की मॅलिक बाहेर निघून मायटोकॉन्ड्रियात जळू लागतं. उन्हाचा ताव असेल तर भराभर, थंडी रेंगाळली तर सावकाश. साखर भरते, मॅलिक मागे राहतं. टार्टारिक फारसं जळत नाही, मणी फुगेल तसं पातळ होतं.

0:0:50 हे पोटॅशचं खत मारलं की आंबटपणा जातो, हे अर्धसत्य. पोटॅशियम प्रोटॉनची जागा घेतं, सामू चढतो, पण त्यानं मॅलिक जळत नाही. अति केलं तर मॅग्नेशियम अडतं, पानं पिवळी पडतात, मग साखरही अडते.

त्यापेक्षा आम्ल मोजा. घडाच्या वरच्या पाकळीतले, मधले आणि शेंड्याचे मणी घ्या. शेंडा नेहमी मागे असतो. गाळलेला 10 मिली रस पाण्यात पातळ करा, फिनॉल्फथॅलिनचे 2-3 थेंब टाका, 0.1 नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड थेंबथेंब सोडा. फिकट गुलाबी रंग 30 सेकंद टिकला की थांबा. लागलेले मिली गुणिले 0.075, हे टार्टारिकच्या हिशेबात टक्के. 8 मिली म्हणजे 0.6, 18 ब्रिक्सला ब्रिक्स भागिले आम्ल हे गुणोत्तर 30, खायला छान. 12 मिली लागले तर गुणोत्तर 20, तोडणी थांबवा.

सोडियम हायड्रॉक्साइडची बाटली उघडी राहिली तर द्रावण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून दुबळं पडतं, मिली जास्त लागतात आणि चांगला माल आंबट ठरतो. काळ्या जातीच्या रसात गुलाबी रंग कळत नाही, तिथं सामूमापकावर 8.2 ला थांबा.