लग्नात थ्रीबी
आज २० तारीख, थ्रीबी (जीएसटीचं महिन्याचं रिटर्न) भरायचा शेवटचा दिवस, आणि मी गावाला लग्नात. म्हटलं काय टेन्शन, हिशोबाचं टॅली दुकानातल्या जुन्या डेस्कटॉपवर, लांबून त्याला जोडून घ्यायला वायरगार्ड लावून ठेवलंय, मांडवात बसून हॉटस्पॉटवर काम उरकू. कनेक्टच होईना! बाबांना फोन केला तर म्हणे सकाळी लाईट गेलेली. लाईट आली, राऊटर उठला, पण डेस्कटॉप बटण दाबल्याशिवाय कुठला उठतोय. मग बाबा बिचारे जाऊन शटर उघडून "हिरवा दिवा लागला रे" म्हणाले. सेल्स रजिस्टर दिसलं, आकडे जुळवून चलन भरेपर्यंत अक्षता पडून गेल्या 😅 बायोसमध्ये (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंग्जमध्ये) लाईट आल्यावर आपोआप चालू व्हायची सेटिंग असते, दोन मिनिटांचं काम, वर्षभर राहिलंय. आणि बॅकअपचा पेनड्राईव्ह त्याच मशीनला खोचलाय, हे आमच्या सीएला कुणी सांगू नका.